काही नाही या गावाचा इतिहास आणि भूगोल

न्येमानित्से, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय लोजा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र शेगडीत टाकलं नसशील तर पुढे वाच. कुणी मेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण टेलिफोनसाठी मी १९७९ साली अर्ज केला आणि अजून रांगेत उभा आहे. नंबर जवळ आलाय म्हणतात. आधी कुणाचा लागतो ते बघायचं, फोनचा की माझा.

काम असं आहे. आपलं न्येमानित्से यंदा पन्नाशीचं होतंय. म्हणजे गाव नव्हे, गावाचं नाव. गाव जर्मनांच्या काळापासून इथेच चिखलात बसलंय. आता आपण व्रोत्सवाफ शहराचं उपनगर आहोत म्हणे, पण शहराला आपली आठवण दोनदाच येते, एक निवडणुकीत आणि दुसरी पश्चिमेचं वारं सुटलं की. तर या पन्नाशीनिमित्त आपलं वस्तीमंडळ एक पुस्तिका काढतंय, 'न्येमानित्से: इतिहास आणि भूगोल'. लिहिणार कोण? सेवेरिन कुल्पा, निवृत्त ट्रामचालक. का, तर म्हणे माझं अक्षर चांगलं. जन्मभर मी हाताने ब्रेक ओढला, अक्षर कुणी पाहिलं कुणास ठाऊक.

भूगोल मी एका बैठकीत उरकला. ऐक: "उत्तरेला कालवा, पूर्वेला नदीचं मेलेलं पात्र, पश्चिमेला शहराची घाण मुरवायची शेतं, दक्षिणेला रेल्वेचा बांध. सर्वोच्च शिखर अकरा मीटर, १९४५ सालच्या राडारोड्याचं. हवामान वाऱ्यावर अवलंबून. ट्राम नाही." अध्यक्षांनी 'घाण' खोडून 'सुपीक' केलं. अध्यक्ष म्हणजे तुझा धाकटा भाऊ वित. त्याचं टाइल्सचं दुकान बरं चाललंय आणि हनुवटीला तिसरी घडी पडलीय.

इतिहासात मात्र माझी गाडी रुळावरून घसरली. बसच्या शेवटच्या थांब्यापुढचा चौक तुला आठवत असेल, नाशपातीच्या झाडाचा. त्याला नाव द्यायचंय. वित म्हणतो, सरदार न्येमानचं देऊ. सातशे वर्षांपूर्वीचा, घोड्यावरचा, अस्सल पोलिश, आणि गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलेलं. मी म्हटलं, वालेंतीकाकांचं द्या. युद्धानंतर या ओसाडीत पहिलं पाऊल त्यांनी टाकलं, पहिले सरपंच तेच, आणि वित, तुझे वडील होते रे ते! त्यावर वित म्हणतो, "म्हणूनच नको. काय केलं त्यांनी? पुरावा आण."

काकांचे कागद तुझ्याकडे आहेत. गावाला नाव कसं पडलं याचं काही त्यात आहे का? मतदान १८ मेला आहे.

तुझा चुलतभाऊ,
सेवेरिन

ता. क. नाशपाती अजून येतात. अजून खाववत नाहीत.


ग्दिनिया, २० फेब्रुवारी १९९६

सेवेक,

पाकीट शेगडीत टाकायलाच गेले होते. शेगडी विझलेली निघाली, तुझं नशीब.

चौकाला बाबांचंच नाव लागलं पाहिजे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये. थडग्यावरचं त्यांचं नाव पुसत चाललंय असं तूच दोन नाताळांमागे कळवलं होतंस. म्हणजे आता ज्या गावात ते सव्वीस वर्षं राबले तिथे त्यांचं नाव कुठेच उरलेलं नाही. मी साठीला टेकले. मी गेल्यावर त्यांची आठवण काढणारं कोण आहे? वित?

तर लिहून घे. नोव्हेंबर १९४५. पूर्वेकडून, ल्वूफच्याही पलीकडून, चार आठवडे गुरांच्या डब्यातून आम्ही आलो. बाबा, पोटुशी आई, आठ वर्षांची मी, एक पलंग आणि लंबक नसलेलं घड्याळ. जर्मन नावाची पाटी बाबांनी स्वतः उतरवली. पुस्तिकेत देशभक्ती म्हणून लिही. खरं म्हणजे ती चुलीत गेली, थंडी मरणाची होती. गावाचं नवं नाव बाबांनी दिलं. "नाव वालेंती कुल्पा यांनी दिलं," एवढंच लिही आणि पूर्णविराम दे. कसं दिलं, का दिलं, यात शिरू नकोस. कागदांना इथे समुद्राची ओल लागली, वाचता येत नाहीत.

वितबद्दल मला लिहू नकोस. एकाहत्तर साली बाबांना माती देताना तो काय म्हणाला ते तू ऐकलंस. कबरीच्या काठावर उभं राहून म्हणाला, "आपल्याला काय ठेवलं यांनी? काही नाही." त्याच गाडीने मी परत फिरले आणि त्यानंतर त्या फलाटावर पाय ठेवला नाही.

त्याच्या हनुवटीवर तिसरी घडी पडल्याचं वाचून मात्र बरं वाटलं.

लोजा


न्येमानित्से, ३ मार्च १९९६

प्रिय लोजा,

तू 'शिरू नकोस' म्हणालीस, म्हणून मी शिरलो. चाळीस वर्षं रुळावरून गाडी चालवलेल्या माणसाला आता वाकडी वळणं घ्यायची हौस येते.

शहरातल्या दफ्तरखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी मार्च १९४६ चा एक फॉर्म काढून दिला. आठवतंय ना, तेव्हा जर्मन गावांना पोलिश नावं ठेवायला साहेब लोक बसले होते. आपल्या गावाला नावं ठेवणं तेव्हापासून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. फॉर्मवर रकाने असे: शाळा. चर्च. विहीर. जनावरं. उरलेले जर्मन. आणि सगळ्यांत खाली, गावाचं नाव. वालेंतीकाकांनी काय केलं असेल? एकही रकाना भरला नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरकं, ऐसपैस लिहून टाकलं: न्ये मा नित्स.

काही नाही!

त्यातलं शेवटचं 'नित्स' नेमकं नावाच्या रकान्यात जाऊन पडलंय. कारकून बिचारा सज्जन. त्याला वाटलं, हेच नाव. तीन शब्द एकाला एक चिकटवले, शेपटीला एक अक्षर जोडलं, आणि झालं न्येमानित्से. कानाला कसं जुनंपानं, खानदानी वाटतं! लोजा, जवळजवळ पन्नास वर्षं मी माझ्या पत्त्यात 'काही नाही' लिहितोय आणि पोस्टमन पत्रं आणून देतोय. मी इतका हसलो की त्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि खुर्ची भिंतीपासून लांब ओढली.

आता अडचण सांगतो. मी हे कुणाला सांगणार नव्हतो. पण परतताना बसथांब्यावरच्या किओस्कवर थांबलो, तेक्ला म्हणाली, "काय हो सेवेरिन, स्वतःशीच हसताय?" आणि मी तिला सांगितलं. फक्त तिला. ती मात्र वर्तमानपत्रं विकते.

आपला,
सेवेरिन


ग्दिनिया, १० मार्च १९९६

सेवेरिन,

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला १९४८ पासून माहीत आहे, तरी मी कागदावर बाबांचं नाव लिहून तुझ्या हाती दिलं. चूक माझीच.

पन्नास वर्षं मी तोंड शिवून बसले होते. तू एका बसप्रवासात ते उसवलंस. आता ते चौकात उभे राहून म्हणतील, कुल्पा किती आळशी, फॉर्म भरायचाही कंटाळा. आणि वित सगळ्यांत मोठ्यानं हसेल.

काय निस्तरायचं ते निस्तर. तोवर मला लिहू नकोस.

लो. कु.


न्येमानित्से, ९ एप्रिल १९९६

प्रिय लोजा,

महिनाभर लिहिलं नाही. काल ईस्टरचा सोमवार होता, आणि तेक्लाच्या नातीने रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर पाण्याची बादली उपडी केली. मनात म्हटलं, ही लोजानेच पाठवलेली दिसते. म्हणून आज बसलो.

तू म्हणालीस तस्सं झालं. सगळं गाव हसतंय. "काय हो कोवाल, कसं काय?" "काही नाही, इथेच राहतो." पोरं शाळेतून घरी येतात, आई विचारते, काय शिकलास, तर म्हणतात, आपल्या गावाचं नाव. ईस्टरच्या प्रवचनात फादरनीसुद्धा रिकाम्या थडग्याला हा विनोद जोडून घेतला. वितने मार्चच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली: "ज्या माणसाला या गावात काहीच दिसलं नाही, त्याचं नाव चौकाला द्यायचं? आपल्याला वारसा सरदाराचा आहे, आळशाचा नाही!" टाळ्या पडल्या. बोगुमिल, तो शवपेट्या करणारा सुतार, लिंडेनच्या लाकडातून सरदार न्येमान कोरतोय. घोडा झालाय. सरदार अजून कमरेपर्यंतच वर आलाय.

आता मला एक पाप ओकायचंय. तो सरदार माझा आहे.

एकोणीसशे सदुसष्ट सालची गोष्ट. ट्रामच्या डेपोजवळ आम्ही बिअर पीत बसलो होतो. वित तेव्हा कॉलेजात. म्हणाला, आपलं गाव भिकारडं आहे, पोरी पत्ता ऐकून पळतात. मला दया आली. म्हटलं, वेड्या, तुला सरदार न्येमान माहीत नाही? आणि जे तोंडात येत गेलं ते सांगत गेलो. घोडा काळा, तलवार वाकडी, सरदाराचा एक कान तुटका. त्याने ते आपल्या प्रबंधात घातलं, मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर रंगवलं, आणि मी बघत राहिलो. तुटका कान बोगुमिलच्या चित्रातही आहे. म्हणजे काकांच्या जागेवर जो बसतोय त्याला मीच जन्म दिलाय. आता खरं सांगितलं तर म्हणतील, चुलत्यासाठी खोटं बोलतो.

पण परवा रात्रपाळीच्या सवयीने पहाटे जाग आली आणि एक गोष्ट डोक्यात आली. लोजा, आम्ही इथे अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात आलो. तिसऱ्या दिवशी मी विहिरीत पडलो. तूच दोर टाकलास, आणि "मूर्खा, धर!" असं ओरडलीस. म्हणजे विहीर होती! शाळा होती, बाकांसकट. चर्चला अर्धं का होईना छप्पर होतं, आणि घंटा पूर्ण होती. काका आळशी असते तर रकान्यारकान्यात 'आहे' लिहिण्यात आळस केला असता. पण हे तर धडधडीत खोटं आहे, आणि आयुष्यात मी काकांना एकदाच खोटं बोलताना ऐकलं, तेही काकूंच्या सूपबद्दल.

असलेल्या गोष्टींना त्यांनी नाही का म्हटलं? तुला माहीत आहे. मतदानाला साडेपाच आठवडे उरलेत.

तुझा पापी,
सेवेक


ग्दिनिया, २८ एप्रिल १९९६

सेवेक,

हे पत्र मी चारदा फाडलं. पाचव्यांदा कागद संपले, म्हणून शब्दकोड्याच्या मागच्या बाजूला लिहितेय. आडवे-उभे चौकोन दिसले तर सांभाळून घे.

वित डिसेंबरात जन्मला, दिवस भरायच्या आधी. तळहाताएवढा होता, आणि रंगाने उकडलेल्या बिटासारखा. आईला टायफस झालेला, दूध एक थेंब नाही. बाबा तीन दिवस बर्फातून वणवण करून रिकाम्या हातांनी परत आले. चौथ्या दिवशी आमच्याच घराच्या मागच्या गोठ्यात, बिटांच्या ढिगाऱ्याआड त्यांना एक म्हातारी सापडली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक बकरी बसली होती. म्हातारीचं नाव मार्टा. घर तिचंच होतं. बाकीच्या जर्मनांना गाडीत घालून नेलं तेव्हा ती बिटांमागे लपली, कारण बकरीला गाडीत घेत नव्हते.

ती उठली, बकरी पिळली आणि भांडं पुढे केलं. कुणीच एक शब्दही बोललं नाही. बोलणार कोणत्या भाषेत?

मग मार्चमध्ये तो फॉर्म आला. मी टेबलापाशी उभी होते, सेवेक. बाबांनी पेन्सिल ओली केली आणि रकाने वाचत गेले. जनावरं लिहिली तर बकरी सरकारजमा. उरलेले जर्मन लिहिले तर मार्टा गाडीत. विहीर आणि शाळा लिहिली तर नवी कुटुंबं येणार, त्यांच्याबरोबर शिपाई येणार, घराघरात डोकावणार. आई आत पुन्हा तापात बडबडत होती. वित मार्टाच्या कडेवर होता. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहून टाकलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "लोजा, कुणी विचारलं तर काय आहे आपल्याकडे?" मी म्हटलं, "काही नाही." म्हणाले, "शाब्बास."

आणि कुणी आलं नाही. काहीच नाही तिथे कोण कशाला येईल? वीज आली नाही, डॉक्टर आला नाही, रस्ता आला नाही. तुझ्या ट्रामला रूळ का पडले नाहीत याचं उत्तर तू चाळीस वर्षं शोधतोयस ना? हे घे. फुकट.

मार्टाला बाबांनी तेवढंच पोलिश शिकवलं. दार वाजलं की ती आतून घसा खाकरून, मला वाटतं मुद्दाम पुरुषी आवाजात, म्हणायची, "न्ये मा नित्स!" तिचे उच्चार असे काही होते की लोक घाबरूनच पळत. आम्हाला जेवायला हाक मारायची तीही त्याच शब्दांनी. आम्ही झोपताना पांघरूण घालायची तेही तेच पुटपुटत. दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. आमच्या घरात 'काही नाही' असा आवाज आला की समजायचं, ताट वाढलंय. वित बोलायला लागला तेव्हा पहिलं काय बोलला असेल, ओळख. आई नव्हे, बाबा नव्हे.

सत्तेचाळीसच्या शरदात, वित धावायला लागल्यावर, मार्टा स्वतःहून ठाण्यावर गेली. बहीण सापडली होती म्हणे, लाइपझिगकडे कुठेतरी. बकरी मागे ठेवून गेली. तिचं नाव लोटे होतं. बाबांनी लोकांना सांगितलं, बकरी बाजारातून आणली. आणि माझ्याकडून शपथ घेतली. तेव्हा सरकारी कागदावर खोटं लिहिणं आणि जर्मन लपवणं, दोन्हीला तुरुंग होता. नंतर तुरुंग राहिला नाही, पण शपथ राहिली. आणि वित शाळेत जर्मनांना शिव्या देणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. त्याला कोण सांगणार होतं की बाबा रे, तू बकरीचं दूध पिऊन मोठा झालास, आणि बकरी जर्मन होती?

लोक बाबांना आळशी म्हणायचे, वीज नाही म्हणून शिव्या घालायचे. ते हसायचे आणि ग्लास भरायचे. वितच्या तोंडूनही त्यांनी ते ऐकलं. एकदा मी म्हटलं, सांगून टाका ना त्याला. तर म्हणाले, "जगलाय ना? मग झालं."

शपथ आज मोडली. आता हे पत्र तेक्लाला दे, फादरना दे, घंटेला बांध. पण १८ तारखेला आधी वितसमोर वाच.

लोजा


न्येमानित्से, २० मे १९९६

प्रिय लोजा,

वाचलं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, पंपाशेजारी उभं राहून. शंभरेक माणसं होती. कोपऱ्यात चादरीखाली बोगुमिलचा सरदार, चादरीतून घोड्याचा तुटका कान डोकावत होता. हो, गडबडीत त्याने सरदाराऐवजी घोड्याचा कान तोडलाय.

आधी मी सरदाराबद्दल कबुली दिली. कुणाला धक्का बसला नाही. फादर म्हणाले, "तुम्ही असं रंगवून सांगायचात, आम्हाला वाटायचं तो तुमच्या डोळ्यांदेखत वारला." मग तुझं पत्र काढलं. बकरी आली तेव्हा हशा पिकला. फॉर्मपाशी आलो तेव्हा मागून म्हातारा कोवाल ओरडला, "म्हणजे वीज त्रेपन्न साली आली ती याच्यामुळे?" आणि त्याची बायको म्हणाली, "गप बस, मेल्या, ऐकू दे." त्यानंतर कुणी हसलं नाही. मीही नीट वाचू शकत नव्हतो, त्यात तुझे ते आडवे-उभे चौकोन. "जगलाय ना? मग झालं" हे मला दोनदा वाचावं लागलं.

वित पहिल्या रांगेत बसला होता. चेहरा त्याच्या दुकानातल्या टाइल्सच्या रंगाचा, पांढरा, चकचकीत. मी संपवलं तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "सभा दहा मिनिटं तहकूब," आणि मागच्या दाराने निघून गेला.

मी मागोमाग गेलो. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा होता.

"खरं आहे हे?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी सरदार बनवणारा माणूस."

"लोजा खोटं लिहिणार नाही," तो म्हणाला. "सेवेक, झोपताना मी अजून तिचे ते शब्द म्हणतो. दिवा मालवताना. बायको चिडते, म्हणते, कोण विचारतंय तुला काय आहे म्हणून? मलाही कळायचं नाही कुठून येतं ते." आणि मग, "बाबांच्या मातीला मी काय बोललो होतो, आठवतंय तुला?"

"सगळ्या गावाला आठवतंय, वित."

त्यावर त्याने रुमाल काढून असं नाक शिंकरलं की कालव्यावरची बदकं उडाली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची पाठ आता फार रुंद झालीय, हात पुरत नाही.

आत येऊन त्याने टेबलावर मूठ आपटली, नेहमीसारखीच, पण आवाज आला नाही. म्हणाला, "सरदार मी मागे घेतो. चौक वालेंती कुल्पांचा. हरकत असलेल्यांनी हात वर करा, म्हणजे मला चेहरे दिसतील." चार हात वर झाले, बोगुमिल आणि त्याची तीन भावंडं. कारण मेहनत वाया जाणार. मग वितनेच तोड काढली. सरदार काढून टाकायचा आणि घोड्याची बकरी करायची. बोगुमिलने मापं घेतली आणि म्हणाला, जमेल, घोड्यात बकरीपुरतं लाकूड आहे, उलट असतं तर जमलं नसतं. तुटका कान तसाच राहणार.

पाटी २ जूनला बसते, रविवारी. पुस्तिकेच्या भूगोलात मी एक ओळ वाढवली: "ट्राम नाही, कारण पान १४ पाहा." वितने ती खोडली नाही.

तू येशील?

सेवेक


ग्दिनिया, २७ मे १९९६

सेवेक,

तुझं पत्र घेऊन मी बंदरावर गेले आणि बाकावर बसून रडले. एका खलाशाने मला केळं दिलं. हे तेक्लाला सांगायचं नाही.

चादरीचं, कानाचं, बदकांचं सगळं लिहिलंस. पण वितने मला बोलावलं का, ते लिहिलं नाहीस. तू बोलावतोस ते ठीक. तुझ्याकडे मी येणार नाही. तुझा सोफा मला माहीत आहे आणि तुझं सूपही. मी उतरेन तर बाबांच्या घरात, बिटांच्या गोठ्याकडे उघडणाऱ्या माझ्या खोलीत. त्या घरात आता वित राहतो. पंचवीस वर्षांत त्याने मला एक ओळ लिहिलेली नाही. मीही नाही. पण मी मोठी आहे, मला चालतं.

त्याला जाऊन विचार. लोजाला यायचंय, तिच्यासाठी तुझ्या घरात काय आहे? हेच शब्द. तो जे म्हणेल ते जसंच्या तसं कळव, तुझ्याकडचं मीठमसाला न लावता. तुझ्यावर भरवसा नाही, तेव्हा त्यालाच सांग कळवायला.

बॅग मी भरलेली नाही. नुसती पलंगावर उघडून ठेवलीय.

लोजा


तार
न्येमानित्से, ३० मे १९९६

लोजा काही नाही ये वित